मुठीत मावणाऱ्या वस्तू : एका मॅक्रो मालिकेच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

मॅक्रो मालिकेचा, म्हणजे अगदी जवळून मोठं करून टिपलेल्या चित्रांच्या मालिकेचा, आराखडा आज कागदावर उतरवला. बारा छायाचित्रं, सगळी एकाच आकारात छापायची, आणि विषय बंद मुठीत मावतील एवढेच. यादी कच्ची आहे: टोक केलेली पेन्सिल, जुनी किल्ली, स्क्रू, निळं पीस, काडेपेटीतली काडी, साबणाचा पापुद्रा, वाळलेलं पान, दोऱ्याचं सुटलेलं टोक, सुई, स्फटिकांपैकी काहीतरी. फुलं आणि दवबिंदू मुद्दाम बाहेर ठेवले. त्यांची हजारो चित्रं डोक्यात आधीच ठाण मांडून बसलेली असतात आणि हात आपसूक त्याच वाटेने जातो.

सामान: फुल फ्रेम कॅमेरा, १०० मिमीची १:१ मॅक्रो लेन्स, एक्स्टेन्शन ट्यूबा (लेन्स कॅमेऱ्यापासून दूर धरणाऱ्या पोकळ नळ्या, त्याने आणखी जवळ जाता येतं), फोकसिंग रेल (कॅमेरा थोडा थोडा पुढे-मागे सरकवणारी पट्टी), एक फ्लॅश, एक टेबललॅम्प, भरपूर ट्रेसिंग पेपर.

हे कशासाठी चाललंय ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. मॅक्रो चित्र बघणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "अरे वा, किती बारीक दिसतंय!" दोन सेकंदांत ती विरते. मोठं करून दाखवणं हे काम भिंगही करतं. भिंगाला जमत नाही असं काही या चित्रांत आणता येतं का, आणि आलं तर ते नेमकं कशातून येतं, एवढंच बघायचंय.

१४ जानेवारी

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी हिशेब.

१:१ म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, तेव्हा वस्तूचा तेवढाच तुकडा चौकटीत येणार. सेन्सरवरचा ०.०३ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका डोळ्याला स्पष्टच वाटतो, हा नेहमीचा निकष धरला तर एफ/८ ला (एफ-आकडा लेन्सच्या छिद्राचा; आकडा मोठा म्हणजे छिद्र बारीक) स्पष्ट दिसणारी पट्टी साधारण १ मिमी जाडीची. ट्यूबा लावून २:१ वर गेलं की चौकट १८ × १२ मिमीची होते आणि पट्टी ०.३६ मिमीवर येते.

"मग अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बंद करा की!" हा सल्ला इथे अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो. जवळ जाऊ तसा लेन्सचा परिणामी एफ-आकडा वाढतो. लावलेल्या आकड्याला एक अधिक मॅग्निफिकेशनने (१:१ ला १, २:१ ला २) गुणायचं. १:१ ला एफ/८ हा एफ/१६ सारखा वागतो, २:१ ला एफ/२४ सारखा. एफ/१६ लावला तर तेच आकडे ३२ आणि ४८ होतात. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं विवर्तन (कडेला वळून पसरणं) इतकं होतं की पट्टी रुंदावते खरी, पण तिच्यातली धार जाते. सगळंच सारखं मऊ पडतं.

म्हणजे मला मिलिमीटरभर स्पष्टता मिळणार, फार तर दीड. निसर्गदृश्य टिपताना चौकट लावली की रचना बहुतेक लागते. इथे चौकट लावून झाल्यावर प्रश्न उरतोच: या वस्तूचा कुठला मिलिमीटर? बाकीची सगळी वस्तू धुक्यात जाणार आहे, आणि ते धुकंही चित्रात जागा अडवणार आहे. बहुधा चौकटीचा नव्वद टक्के भाग तेच व्यापेल. ट्युटोरियलमध्ये याला "मर्यादा" म्हणतात आणि ती ओलांडायची कशी ते शिकवतात. मला ती ओलांडण्याची घाई नाही.

१९ जानेवारी

पेन्सिल. टोक कॅमेऱ्याकडे रोखून, किंचित तिरपी. मॅग्निफिकेशन २:१ च्या आसपास.

शार्पनरमधून निघालेली पेन्सिल आपण रोज बघतो, पण तिच्यावर इतक्या गोष्टी घडलेल्या असतात याची कल्पना नव्हती. रंग जिथे संपतो तिथे लाकडावर सहा कमानी उमटतात, कारण पेन्सिल षटकोनी आणि कापणारा शंकू गोल. कमानींच्या काठावर रंगाचा थर किती जाड आहे ते दिसतं, आणि एके ठिकाणी त्याचा टवका उडालाय. लाकडावर पात्याच्या समांतर रेघा आहेत. त्या शंकूला वळसा घालत शिशापर्यंत येतात आणि शिशात शिरल्यावर एकदम बारीक होतात. शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती यांचं मिश्रण; लाकूड दाणेदार दिसतं तिथे हे चकाकतं. लिहून झिजलेल्या बाजूला एक तिरपा सपाट चट्टा पडलाय, तो तर आरशासारखा.

तीन जागी फोकस नेला. अगदी टोकावर नेला तेव्हा पेन्सिलीचं हत्यार झालं. रोखलेलं, अंगावर येणारं. चित्र जोरकस आहे, पण असं चित्र कुठल्याही टोकदार वस्तूचं होईल. मागे रंगाच्या कमानींवर नेला तेव्हा रचना सुंदर आली आणि पुढचं टोक हा नुसता अडथळा झाला. तिसरी जागा लाकूड आणि शिसं यांच्या सांध्यावर. तिथे टोक पुढे करड्या धुरात विरतं, कमानी मागे रंगीत लाटांसारख्या पुसट होतात, आणि मधे एक बारीक कडी स्पष्ट राहते: मऊ लाकडाने कठीण काळ्या शिशाला धरून ठेवलंय ती जागा. पेन्सिल ही धरून ठेवण्याची रचना आहे, हे या तिसऱ्या चित्रात दिसतं. पहिल्या दोघांत ते नाही. वस्तू तीच, प्रकाश तोच, अंतर दोन-तीन मिलिमीटरांचं.

तिसरं ठेवलं.

२० जानेवारी

पंखा बंद. शेजारच्या खोलीत कोणी चाललं तरी २:१ ला चौकट हलते. दोन सेकंदांचा टायमर पुरत नाही, पाच सेकंद ठेवावे लागतात. टेबल भिंतीपासून सरकवलं. बाकी आज काही नाही.

२८ जानेवारी

कार्ल ब्लॉसफेल्टची (१८६५–१९३२) छायाचित्रं पुन्हा काढून बसले. बर्लिनच्या कलाशाळेत हे गृहस्थ वनस्पतींवरून नक्षीकाम शिकवायचे, आणि वर्गात दाखवायला म्हणून स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, कळ्या, देठ मोठे करून टिपायचे. काही तर तीसपट. छायाचित्रकार म्हणून कोणी ओळखत नव्हतं. १९२८ साली पुस्तक निघालं आणि वयाच्या साठीनंतर नाव झालं.

त्यांची युक्ती बारकाईने बघितली तर साधी आहे. मागे कोरा कागद, मऊ दिवसाउजेड, सावली जवळपास नाही, वस्तू समोरासमोर. नको ती पानं छाटून टाकलेली. त्यामुळे आकाराचा अंदाज येईल असा एकही धागा चित्रात उरत नाही. एक हिरवा देठ आहे की घुमटाचा मनोरा, हे डोळ्याला ठरवता येत नाही. आजचे मॅक्रोवाले (मीही त्यात आले) मॅग्निफिकेशनचा आकडा फुशारकीने सांगतात. ब्लॉसफेल्ट मोजपट्टीच काढून घेतात.

त्याच्याशेजारी एडवर्ड वेस्टनची १९३० सालची सिमला मिरची ठेवली. ती तांत्रिक अर्थाने मॅक्रो नाही, पण जवळून बघण्याच्या कलेत तिला वगळता येत नाही. वेस्टनने ती पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या भिंतीवरून उजेड परतून मिरचीच्या वळणावळणांवर पडला, आणि तिच्यात पाठ, खांदे, मिठीत आवळलेली दोन शरीरं दिसायला लागली. ब्लॉसफेल्टचा उजेड सपाट, वेस्टनचा वळणारा. एकाने वस्तूला वास्तू केलं, दुसऱ्याने देह. दोघांनीही वस्तूला हात न लावता "जशी आहे तशी" टिपली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

माझ्या मालिकेसाठी यातून घेतलेलं: मागची बाजू कोरी ठेवायची, मोजमापाचा इशारा देणारं काही चौकटीत नको.

४ फेब्रुवारी

पिसाने सगळा दिवस खाल्ला, पण चांगला खाल्ला.

मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू फुटतात आणि त्या प्रत्येक तंतूला आणखी बारीक उपतंतू. उपतंतूंना आकडे असतात, ते शेजारच्या उपतंतूंत अडकतात, म्हणून पिसाचा सलग पडदा होतो. बोटाने उलटं घासलं की हे आकडे सुटतात आणि पडद्यात चीर पडते. सुलटं घासलं की पुन्हा अडकतात. २:१ ला तंतू स्पष्ट दिसतात, उपतंतू केसाळ वाफेसारखे, आकडे दिसत नाहीत. दिसावेत म्हणून आणखी जवळ जायचा मोह झाला. गेले नाही. चीर पडलेल्या जागी तंतू एकमेकांपासून सुटून हवेत लोंबताना दिसतात, तेवढ्यावर सगळं कळतं.

प्रकाशाची गंमत मात्र लिहिलीच पाहिजे. समोरून उजेड पडला तेव्हा पीस निळंशार. लॅम्प मागे नेला आणि निळं गायब! मळकट तपकिरी पीस समोर. या निळ्याला निळं रंगद्रव्य नाहीच. तंतूंमधल्या केराटिनची (नखांत-केसांत असतं तेच प्रथिन) रचना इतकी सूक्ष्म सच्छिद्र असते की तिच्यातून निळा प्रकाश परत फेकला जातो, आणि खालचं मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य बाकीचा शोषून घेतं. उजेड आरपार आला की उरतं ते मेलॅनिनचं तपकिरी.

मग दोन दिवे लावले: समोरून मोठ्या ट्रेसिंग पेपरमधून मंद, मागून डाव्या बाजूला थोडा तेज. चिरेच्या एका काठाला निळं, दुसऱ्या काठाला तपकिरी. एकाच पिसाचे दोन काठ वाटत नाहीत. एडिटिंगमध्ये रंगाला हात लावायचा नाही असं इथे ठरवलं, कारण बघणाऱ्याला ते केल्यासारखंच वाटणार आहे, आणि मला तरी ते केलेलं नाही हे माहीत असायला हवं.

११ फेब्रुवारी

स्क्रूवर फोकस स्टॅकिंग करून पाहिलं. रेल थोडी थोडी पुढे सरकवत, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढेल अशी चित्रं घेतली आणि झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केली. त्यातल्या पीमॅक्स पद्धतीने बारीक तपशील जास्त टिकले, पण नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) आणि काँट्रास्ट चढला. डीमॅप या दुसऱ्या पद्धतीने पोत आणि रंग जास्त खरे राहिले, पण आट्यांच्या काठांना पुसट प्रभावळ आली. दोन्ही मिळवून हाताने साफ केलं.

स्क्रू आता टोकापासून माथ्यापर्यंत स्पष्ट आहे. काम चोख, चित्र निर्जीव.

हे असं का वाटतं यावर बराच वेळ घालवला. पुढचं-मागचं धूसर दिसलं की डोळा "हे जवळ आहे, लहान आहे" असं समजतो. टिल्ट लेन्सने (फोकसची पातळी तिरपी करता येते अशी लेन्स) उंचावरून शहर टिपलं आणि वर-खाली धूसर केलं की खऱ्या इमारती खेळण्यातल्या वाटतात, ते याच कारणाने. उलटही तितकंच खरं: लहान वस्तूतलं सगळं धूसरपण काढून टाकलं की ती प्रचंड वाटायला लागते. माझा स्क्रू आता कारखान्यातला लोखंडी खांब झालाय. पण बघणाऱ्याला कुठे थांबायचं हे चित्र सांगत नाही. सगळीकडे सारखंच लक्ष म्हणजे कुठेच नाही.

याला सणसणीत अपवाद आहे, तो नोंदवायला हवा. लेव्हॉन बिस या छायाचित्रकाराचं कीटकांचं प्रदर्शन २०१६ साली ऑक्सफर्डच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात लागलं होतं. संग्रहातले कीटक, एकेका चित्रामागे सुमारे ८,००० छायाचित्रं, कीटकाचा एकेक भाग वेगळ्या प्रकाशात टिपून मग जोडलेला. सगळं स्पष्ट, तरी ती चित्रं मेलेली वाटत नाहीत. माझ्या मते त्याचं कारण छपाईच्या आकारात आहे. तीन मीटरपर्यंतच्या छपाईसमोर माणूस चालत जवळ जातो, मागे येतो, आणि काय बघायचं ते स्वतःच्या पायांनी ठरवतो. हाताच्या अंतरावरून बघायच्या चित्रात ती सोय नाही. तिथे मलाच ठरवावं लागतं.

१२ फेब्रुवारी

स्क्रूचा अर्धाच स्टॅक जोडला: पुढच्या चार आट्या स्पष्ट, त्यापुढे घसरण. खांबाचा पुन्हा स्क्रू झाला, पण मोठा स्क्रू. हे चालेल.

१८ फेब्रुवारी

साबणाचा पापुद्रा. तारेचा चौकोनी फास, साबणाच्या पाण्यात जरा ग्लिसरीन, मागे काळं कापड. पापुद्र्याला स्वतःचा रंग नसतो. दिसतं ते फक्त परावर्तन. म्हणून ट्रेसिंग पेपरचा मोठा पांढरा पडदा अशा कोनात लावला की लेन्सला पापुद्र्यात तोच दिसावा. थेट फ्लॅश मारला तर एक पांढरा ठिपका येतो, बाकी काळोख.

फास उभा धरला की पाणी खाली ओघळतं आणि पापुद्रा वरून पातळ होत जातो. पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. जाडीनुसार काही रंग एकमेकांना बळ देतात, काही एकमेकांना खोडतात. खाली जाड भागात गुलाबी-हिरव्या दाट पट्ट्या, वर येताना पिवळा, निळा, मग तपकिरी, मग चंदेरी पांढरा. आणि अगदी शेवटी, सर्वांत वर, काळा. हा काळा म्हणजे भोक नव्हे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर; पापुद्रा तिच्या मानाने अगदीच पातळ झाला की दोन्ही पृष्ठभागांवरचे किरण एकमेकांना पुरते खोडतात, कारण पुढच्या पृष्ठभागावर परतताना लाट उलटते आणि मागच्यावर उलटत नाही. काळ्याची कड चंदेरीत उतरायला लागली की पापुद्रा फुटायला आला असं समजावं.

फोकसची पट्टी इथे वेगळीच वागली. पापुद्रा सपाट आहे, सेन्सरला समांतर धरला तर सगळा स्पष्ट येईल. पण तसा धरला तर लेन्सला त्यात स्वतःचंच काळं तोंड दिसतं. तिरपा धरावाच लागतो, आणि तिरपा धरला की फोकस एका उभ्या पट्ट्यापुरता उरतो. टिल्ट लेन्स असती तर हे सरळ करता आलं असतं. नाही ते बरंच. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना रंग नुसते रंग राहतात, आणि मधे, जिथे धार आहे, तिथे काळ्याच्या काठावरून चंदेरी भोवरे सुटताना दिसतात. तिथेच फक्त कळतं की हे द्रव आहे आणि वाहतंय.

या चित्राला विषयच नाही असं म्हणता येईल. पेन्सिल माझ्या आधीही होती, नंतरही आहे. हा भोवरा मात्र चित्र घेतलं त्या क्षणापुरता होता, डोळ्यांनाही नीट दिसला नव्हता. बाराही चित्रांत हे मला सर्वांत जवळचं वाटतं, तरी ते मालिकेच्या सुरुवातीला लावायचं नाही. रंग बघून लोक पुढच्यांकडूनही रंगच मागतील.

२६ फेब्रुवारी

किल्ली. पितळेची, वर्षानुवर्षं वापरलेली.

प्रकाशाचा आकार मोजायचा तो वस्तूच्या मानाने, हे मॅक्रोत फार चांगलं शिकायला मिळतं. फ्लॅशचं तोंड तळहाताहून लहान, पण किल्लीच्या दात्यापासून वीतभर अंतरावर, मधे ट्रेसिंग पेपर ठेवून, ते ढगाळ आभाळाएवढं होतं. सावल्या मऊ, धातू दुधाळ. पहिल्या चित्रात किल्ली दागिन्यासारखी दिसली. सुबक, पण तिने आयुष्यात एकही कुलूप उघडलं नसावं अशी.

कागद काढला. उघडा दिवा लांब, जवळजवळ किल्लीच्या पातळीत, एका बाजूने. लगेच ओरखडे उभे राहिले. सगळे एकाच दिशेचे, लांबीच्या, कुलपात जाण्या-येण्याचे. दात्यांचे माथे घासून गोल आणि चकचकीत. दोन दात्यांमधल्या खाचेत काळपट मळ बसलेला, आणि त्या मळातही एक ताजी चकाकती रेघ. झीज कुठे झाली आणि कुठे नाही, यात किल्लीचा सगळा वापर लिहिलेला आहे. फोकस मधल्या दात्याच्या माथ्यावर ठेवला, खाच त्याच्यामागे अर्धवट धूसर.

मऊ प्रकाश म्हणजे चांगला प्रकाश, हे मॅक्रोच्या शिकवणीत मंत्रासारखं म्हटलं जातं. चकचकीत पाठीच्या भुंग्याला ते लागू आहे, वापरलेल्या धातूला नाही.

३ मार्च

खिडकीच्या चौकटीवर उड्या मारणारा कोळी आला आणि कॅमेरा हातात होता. साहजिकच टिपला. या कोळ्यांच्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांची भिंगं पक्की बसवलेली असतात, पण आतल्या दृष्टिपटलाच्या नळ्या हलतात. म्हणून डोळ्याची छटा बघता बघता बदलते. हा वळून थेट लेन्सकडे बघत होता. फार देखणं चित्र आलंय.

मालिकेत घेणार नाही. डोळे असलेलं एक चित्र भिंतीवर लावलं की उरलेली अकरा सामान होतात. शिवाय कीटकांच्या "नजरेत" आपण आपल्याच पदरचं फार घालतो. प्रार्थनाकीटकाच्या डोळ्यात जो काळा ठिपका आपल्याकडे रोखलेला दिसतो, ती बाहुली नसते. संयुक्त डोळ्याचे जे घटक नेमके आपल्या दिशेला असतात ते आपल्याकडून जाणारा प्रकाश शोषतात, म्हणून तेवढे काळे दिसतात. आपण हललो की ठिपका हलतो. बघतो आपणच, आणि तो बघतोय असं वाटतं.

जाता जाता: रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांचं पुस्तक काढलं, तेव्हा मुंगी चित्र काढायला स्थिर राहीना म्हणून तिला ब्रँडी पाजली होती. शुद्धीवर आल्यावर ती उठून चालू पडली, असंही त्याने लिहिलंय. आज काही जण कीटक फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग टिपतात. कीटकांची बसण्याची रीत माहीत असलेल्याला त्या आखडलेल्या पायांवरून ते लगेच कळतं. मला ते पटत नाही.

८ मार्च

छोट्या चाचणी छपाया घरच्यांसमोर ठेवल्या, नावं न सांगता. मोठ्यांचं एकच: "काय आहे हे?" सांगितलं की "अच्छा!" आणि पुढचं चित्र. नाव कळलं की बघणं थांबतं, हे अपेक्षित होतं.

भाची मात्र किल्लीच्या चित्राशी अडली.

"मावशी, हे डोंगर आहेत ना? इथून पाणी जात असेल." तिचं बोट खाचेतल्या त्या रेघेवर.

"ती किल्ली आहे गं."

"कुठल्या कपाटाची?"

आणि ती घरभर कपाटांना किल्ली लावून बघायला निघाली. चित्र टेबलावर पडून राहिलं, पण किल्ली हातात घेऊन तिने तिचे दाते अंगठ्याने चाचपले, चित्रात होते तसे आहेत का ते बघितलं. चित्र सोडून वस्तूकडे जाणं हेही बघणंच झालं. नाव अजिबात लपवायचं, असं माझ्या मनात होतं. आता तसं वाटत नाही. लपवलं तर मालिकेचा कोड्यांचा खेळ होतो, आणि कोडंही "अरे वा"इतकंच अल्पायुषी. चित्रांखाली काही नको. बाराही नावांचा एक कागद शेवटी, दाराजवळ.

१४ मार्च

सायट्रिक अ‍ॅसिडचे स्फटिक, दोन पोलरायझरच्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या गाळण्या) मधे. काचेवर द्रावण सुकवलं, खालून प्रकाश, वरचा पोलरायझर काटकोनात फिरवला: मोरपंखी, केशरी, जांभळे पंखे उमलले. कुठेही चौकट लावा, चित्र सुंदर.

त्यामुळेच बाद. कुठेही लावलेली चौकट सुंदर येत असेल तर मी तिथे काय करतेय? पोलरायझर फिरवण्यापलीकडे मला निवडायला काही उरलंच नाही.

याच ओघात विल्सन बेंटली आठवले. व्हरमाँटमधले शेतकरी. १५ जानेवारी १८८५ रोजी त्यांनी कॅमेरा आणि सूक्ष्मदर्शक जोडून हिमस्फटिकाचं पहिलं छायाचित्र घेतलं, आणि १९३१ मध्ये वारले तोवर ५,००० हून अधिक स्फटिक टिपले. विषय इतका तयार सुंदर की माझ्या वरच्या न्यायाने तेही बाद व्हायचे. पण त्यांच्या चित्रांतली ती गर्द काळी पार्श्वभूमी तशी आलेली नव्हती. निगेटिव्हच्या प्रतीवर स्फटिकाच्या कडेकडेने इमल्शन, म्हणजे प्रतिमेचा थर, चाकूने खरवडून त्यांनी ती केली. शास्त्रज्ञांपैकी काहींना हे रुचलं नव्हतं. शास्त्राच्या बाजूने त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, कारण खरवडताना कड नेमकी कुठे संपते हे हाताने ठरतं. चित्राच्या बाजूने मला वाटतं बेंटलींची निवड तिथेच आहे. षट्कोन निसर्गाचा, एकटेपणा त्यांचा.

स्फटिकांच्या जागी वाळलेल्या पानाचं दुसरं चित्र घेईन.

१७ मार्च

धुळीबद्दल धोरण. २:१ ला कपड्याचा एक तंतू दोरखंडासारखा दिसतो. आधी ब्लोअरने वस्तू साफ करायची. त्यानंतर जे चिकटून राहिलं ते वस्तूचं. सेन्सरवरचे डाग काढायचे. सुईच्या नेढ्यात अडकलेला लाल तंतू राहू दिलाय.

२३ मार्च

पहिली पूर्ण आकाराची छपाई आली. रुंदी ५४ सेंमी, म्हणजे १:१ चं चित्र वस्तूच्या १५ पट, २:१ चं ३० पट. फाइल ६,००० पिक्सेल रुंद, तेव्हा इंचाला साधारण २८२ पिक्सेल. तिथे काही तक्रार नाही.

कागदावर फोकसची पट्टी बारीक झाली. हिशेबाने ती होणारच होती: ०.०३ मिमीचा तो निकष मध्यम आकाराची छपाई धरून बांधलेला आहे, छपाई वाढली की त्यात बसणारी पट्टी आकसते. स्क्रीनवर पेन्सिलीचा सांधा ऐसपैस स्पष्ट वाटत होता. इथे शिसं आणि लाकूड यांपैकी फक्त शिशाची कड धारदार आहे, लाकडाचे रेशे सुटू लागलेत. "धरून ठेवलंय" ही गोष्ट सांगायला दोन्ही बाजू लागतात, एक नाही. स्क्रूसारखाच अर्धा स्टॅक करावा लागेल, दोन-तीन पट्ट्यांचा, सांध्यापुरता. टोक मात्र धुरातच.

उलट पिसाचं चित्र मोठं झाल्यावर सुधारलं. लहान आकारात उपतंतूंची वाफ नुसती अस्पष्टता वाटत होती. मोठ्या कागदावर ती पोत झाली.

२५ मार्च

क्रम लावला. सुरुवातीला दोरा आणि सुई नको, जोडी फार उघड आहे. पहिली किल्ली, तिच्यात बघायला भरपूर आहे आणि रंग कमी. मग काडीचं टोक, वाळलेलं पान, स्क्रू. पीस मध्यावर. साबणाचा पापुद्रा शेवटून दुसरा, आणि त्याच्यानंतर पेन्सिल, म्हणजे रंगांतून आलेला डोळा करड्यावर उतरेल.

कागदाचा वाद स्वतःशीच चालू आहे. मॅट कागदावर किल्ली आणि पान उत्तम दिसतात, चकाकीचा त्रास नाही. पण मॅटवर काळा तितका खोल उतरत नाही, आणि साबणाच्या चित्रातला वरचा काळा जर राखाडी पडला तर ते चित्र गेलंच. बाराही एकाच कागदावर हवीत, म्हणून मंद चमकीचा बराइटा, म्हणजे काळा खोल उतरवणारा कागद, घेते आणि दिवे वरून न लावता दोन्ही बाजूंनी लावते.

राहिलेलं काम: पेन्सिल पुन्हा, दुसरं पान, नावांचा कागद. काडीच्या चित्राचा उजवा कोपरा अजून जड वाटतो, तो थोडा कापून पाहायचा.